डोली (रुग्णवहन, कोकण)

डोली : मोटाररस्ता न पोहोचलेल्या वाडीतून आजारी वा जखमी माणसाला, सर्पदंश झालेल्याला किंवा अडलेल्या बाळंतिणीला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून, माणसांच्या खांद्यावरून गाडीरस्त्यापर्यंत किंवा दवाखान्यापर्यंत नेण्याची पद्धत. या वहनसाधनालाही डोलीच म्हणतात. पालखी आणि मेणा ही प्रतिष्ठेची वाहने होती. गडांवर किंवा तीर्थस्थळी वृद्धांना वाहून नेणारी डोली मजुरीची असते. येथे वर्णिलेली डोली या दोहोंपासून वेगळी आहे. तिच्यात बसणारा नाइलाजाने बसतो, वाहणारे शेजारधर्माने वाहतात आणि वेळ हाच तिचा खरा प्रतिस्पर्धी असतो. पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या चारही जिल्ह्यांच्या डोंगराळ भागांत ही पद्धत आजही चालू आहे, विशेषतः पावसाळ्यात.

सह्याद्रीचा कडा आणि अरबी समुद्र यांच्यामधली कोकणपट्टी अरुंद आहे, पण सपाट नाही. सह्याद्रीपासून निघालेले डोंगरांचे फाटे, त्यांच्यामधल्या खोल दऱ्या, जांभ्याचे उघडे सडे (पठारे) आणि समुद्राकडे रुंदावत जाणाऱ्या खाड्या यांनी ती तुकड्यातुकड्यांत विभागली आहे. वर्षाला साधारण २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यातच कोकणातले गाव एका जागी वसलेले नसते. एका महसुली गावात पाच, दहा, कधी त्याहून जास्त वाड्या असतात आणि एका वाडीपासून दुसरीपर्यंत जायला एक डोंगर चढून उतरावा लागतो. कागदावर गावाला रस्ता आहे असे दिसते तेव्हा तो बहुधा मुख्य वाडीपर्यंत, शाळा आणि ग्रामपंचायत असलेल्या ठिकाणापर्यंत पोहोचलेला असतो. घाटमाथ्याच्या कुशीतले धनगरवाडे, रायगडातल्या कातकरी व ठाकूर वाड्या, जव्हार-मोखाड्याचे आदिवासी पाडे यांच्यासाठी त्याच्यापुढची वाट पायाखालचीच असते. कुठे ती जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी असते, कुठे शेताचा बांध, तर कुठे नुसती घसरण. मधल्या पऱ्यावर (ओढ्यावर) साकव, म्हणजे छोटा पादचारी पूल, असला तर वाट चालू राहते. तो वाहून गेला तर पाणी ओसरेपर्यंत थांबावे लागते.

डोलीची रचना साधी असली तरी तिच्यामागे बरीच समज आहे. तळकोकणात घराच्या मागेपुढे लावलेला माणगा हा बांबू बुंध्याकडे जवळजवळ भरीव, बिनकाट्याचा आणि लवचीक असतो. भार पडल्यावर तो वाकतो, पण तडकत नाही. असा दोन माणसांच्या उंचीएवढा सरळ बांबू घेऊन त्याला जाड चादर, घोंगडी किंवा नऊवारी लुगडे दोन टोकांना घट्ट गाठी मारून बांधतात आणि तयार झालेल्या झोळीत रुग्णाला निजवतात. वरून पूर्वी इरले किंवा घोंगडी असे, आता प्लॅस्टिकचा कागद असतो. रुग्ण वजनदार असेल किंवा त्याला सरळ निजवणे आवश्यक असेल, तर बाज उलटी करून तिच्या पायांना दोर बांधतात, किंवा दोन बांबूंवर फळी आवळतात. अलीकडे प्लॅस्टिकची खुर्ची दोन बांबूंमध्ये बांधण्याची रीतही रूढ झाली आहे, आणि धाप लागलेल्या माणसासाठी तीच योग्य ठरते. कारण फुप्फुसात पाणी साचू लागलेल्या रुग्णाला आडवे केले की त्याचा श्वास आणखी कोंडतो. झोळीत शरीर धनुष्यासारखे वाकते. माडावरून किंवा आंब्यावरून पडून पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाला झोळीत घालणे त्यामुळे फार धोक्याचे आहे. त्याला दाराच्या फळीवर बांधूनच उचलले पाहिजे. हे ज्ञान प्रत्येक वाडीत पोहोचलेले नाही, आणि एखाद्याचे पाय कायमचे लुळे पडण्यामागे पडण्याइतकेच हे वहनही कारण असू शकते.

याउलट सर्पदंशात डोली वैद्यकदृष्ट्याही बरोबर ठरते. दंश झालेल्या माणसाने चालू नये, दंश झालेला अवयव हलवू नये, हा आजच्या प्रथमोपचाराचा पहिला नियम आहे. स्नायूंच्या हालचालीने विष शरीरात लवकर पसरते. जखम कापणे, विष चोखणे किंवा दोरीने करकचून आवळणे यांत अपायच आहे. ज्याला चालता येत असूनही वाडीने खांद्यावर घेतले, त्याच्यावर या माणसांनी नकळत पहिला उपचार केलेला असतो.

डोलीला किमान दोन माणसे लागतात, पण दोघांनी ती फार दूर जात नाही. दोघे खांद्यावर, दोघे बाजूने झोळी सावरत, एक पुढे वाट दाखवत आणि मागे खांदा बदलायला आणखी चार, अशी आठ-दहा माणसे असली तर चाल टिकते. उतारावर पाय पुढे आणि चढावर डोके पुढे ठेवतात, म्हणजे डोके नेहमी उंच राहते. पावसाळ्यात जांभ्याच्या पायरीवर शेवाळ धरते, भाताच्या बांधावर पाऊल रुतते, आणि बांबूच्या पुढच्या माणसाचा पाय सरकला की मागच्याचा तोल आपोआप जातो. पूर्वी रात्री माडाच्या वाळक्या झावळांची चूड पेटवून पुढे धरत. आता बॅटरी किंवा मोबाइलचा उजेड असतो. एरवी पाऊण तासात उतरायची वाट डोलीसह, अंधारात आणि पावसात सहज दीड-दोन तास घेते. मध्ये पऱ्याला पाणी आले असेल, तर हा हिशेबच संपतो.

या वेळेची किंमत आजारागणिक निराळी असते. प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव थांबवला नाही तर साधारण दोन तासांत प्राण जाऊ शकतो. तिथे प्रत्येक मिनिटाला मोल आहे. नागाच्या विषाने थोड्याच तासांत श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. मण्यार रात्री, बहुधा जमिनीवर झोपलेल्याला चावते; वेदना नसल्यासारखीच असते, दंशाची खूणही धड दिसत नाही, आणि पहाटे पापण्या मिटू लागतात तेव्हा वेळ गेल्याचे लक्षात येते. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. रत्नागिरीच्या कातळावर फुरशांचे प्रमाण पूर्वीपासून मोठे असून गवत कापताना किंवा दगड उचलताना हा दंश होतो. या चारही सापांवर चालणारी एकच प्रतिविष लस भारतात वापरली जाते आणि मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव तिच्या निर्मितीशी दीर्घकाळ जोडलेले आहे. लस गुणकारी आहे. प्रश्न ती आणि रुग्ण यांच्यामधल्या डोंगराचा आहे.

हे अंतर दुसऱ्या बाजूनेही कमी करता येते, याचा कोकणातला सर्वांत मोठा दाखला विंचूदंशाचा आहे. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने प्रथम घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसतात. पुढे हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते आणि धडधाकट माणूस, विशेषतः मूल, काही तासांत दगावते. रायगड जिल्ह्यातल्या महाड परिसरात १९७०च्या दशकापासून काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण रात्रंदिवस उशाशी बसून तपासले, त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध या विषाच्या परिणामावर उपयोगी पडते हे दाखवून दिले. त्यांची निरीक्षणे १९८०च्या दशकात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पूर्वी तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्युप्रमाण या उपचाराने एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. डोलीच्या दृष्टीने या शोधाचे महत्त्व असे की हे औषध गोळीच्या रूपात, स्वस्तात मिळते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येते. रुग्णाला मुंबईला पोहोचवण्याची धडपड पूर्वी अटळ होती. आता ती पहिल्या केंद्रापाशी थांबू शकते. रस्ता तेवढाच राहिला, पण शर्यत लहान झाली.

डोलीचा टप्पा गाडीरस्त्यापाशी संपतो, प्रवास मात्र संपत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. परंतु फोन लागण्यासाठी वाडीतल्या कुणाला तरी आधी रेंज मिळणाऱ्या सड्यावर धावत जावे लागते, आणि रुग्णवाहिका आली तरी ती रस्त्याच्या टोकाशी उभी राहते. पुढे प्राथमिक केंद्र, तिथून तालुक्याचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथे सोय नसेल तर रायगडकरांना मुंबई, रत्नागिरीकरांना आंबा किंवा कुंभार्ली घाट चढून कोल्हापूर-कराड, तर सिंधुदुर्गातल्यांना गोव्यातले बांबोळीचे शासकीय रुग्णालय. सिंधुदुर्ग आणि अलिबाग येथे २०२१ मध्ये व रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाल्याने ही ओढ पुढे कमी व्हावी. मातामृत्यूंच्या अभ्यासात तीन विलंब मानतात : उपचार घ्यायचे ठरवण्यातला, पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. कोकणातल्या वाडीत पहिले दोन एकमेकांत मिसळलेले असतात. रात्री डोली उचलायची म्हणजे दहा घरांची झोप मोडायची, दहा माणसांचे जीव निसरड्या वाटेवर घालायचे. म्हणून घरातले लोक पहाटेपर्यंत वाट पाहतात. बाहेरच्याला हा अडाणीपणा वाटतो. वस्तुतः तो दुसऱ्यांच्या जिवाची काळजी करणाऱ्या माणसांनी घेतलेला अत्यंत कठीण निर्णय असतो.

पाऊस मोठा झाला की गाडीरस्ताही भरवशाचा राहत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळून दोन एसटी बस आणि इतर वाहने पुरात गेली. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड आणि चिपळूण ही शहरेच पाण्याखाली होती, आणि महाड तालुक्यातल्या तळिये येथे दरड कोसळून वस्ती गाडली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा तर डोलीचा प्रश्न उलटा होऊन समोर आला : वाडीला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे बचावपथकांना भर पावसात डोंगर चढून जावे लागले, खोदाईची यंत्रे वर नेता आली नाहीत, आणि मदतीसाठी चढणारा अग्निशमन दलाचा एक अधिकारी वाटेतच हृदयविकाराने मरण पावला. जखमींना खाली आणण्यासाठी पुन्हा खांदेच लागले. त्याआधी वर्षभर, ऑगस्ट २०२२ मध्ये, मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर मुदतीपूर्वी जन्मलेली जुळी बाळे दगावली आणि अतिरक्तस्राव होत असलेल्या आईला डोलीतून न्यावे लागले. ही घटना विधिमंडळातही मांडली गेली.

वाड्यांपर्यंत रस्ता का जात नाही, याचे एकच उत्तर नाही. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सर्वसाधारण भागात ५०० आणि आदिवासी भागात २५० लोकसंख्येची वस्ती हा निकष धरला होता. वीस-तीस घरांची वाडी त्यात बसत नाही. अनेक वाटा वनजमिनीतून जातात. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) प्रमाणे ग्रामसभेच्या शिफारशीने रस्ता, दवाखाना अशा सोयींसाठी प्रत्येक कामी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. ही तरतूद वाड्यांच्या फार उपयोगाची आहे आणि तिचा वापर व्हावा तितका होत नाही. तिसरी अडचण खास कोकणातली. वाट ज्या जमिनीतून जाते तिच्या सातबाऱ्यावर सामाईक हिस्सेदारांची मोठी यादी असते, त्यांतले निम्मे मुंबईत असतात, काही हयातही नसतात, आणि एका संमतीपत्रावाचून काम वर्षानुवर्षे अडते.

याच मुंबईने डोलीचे दुसरे साधनही नेले आहे. बांबू मिळतो, चादर मिळते. खांदे मिळत नाहीत. तरुण चाकरमानी झाल्यावर वाडीत म्हातारी माणसे, स्त्रिया आणि मुले उरतात, आणि जिथे पूर्वी एका हाकेला बारा माणसे येत तिथे आता शेजारच्या दोन वाड्यांना निरोप पाठवावा लागतो. काही ठिकाणी स्त्रियाही बांबूला खांदा देतात. म्हणून पुष्कळ घरांत मृगाआधीच, दिवस भरत आलेल्या सुनेला किंवा लेकीला रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवतात. आशा कार्यकर्तीही पावसाळ्यात बाळंत होणाऱ्या स्त्रियांची यादी आधी करून घरोघर हेच सांगत फिरतात. सर्पदंश आणि अपघात मात्र तारीख देऊन येत नाहीत. गणपतीत आणि शिमग्याला वाडी भरते, तेव्हा त्या आठ-दहा दिवसांत खांद्यांची वाण नसते. आलेली मंडळी पाखाडीवरची दरड बाजूला करतात, साकवाच्या फळ्या बदलतात. लावणीच्या दिवसांत, पऱ्ये तुडुंब असतात आणि मण्यार घरात शिरते तेव्हा, ती परत मुंबईत असतात.