महायाजकाच्या पायाला दोरी होती का?

बायबलच्या रोजच्या वाचनात लेवीय 16 (लेवीय या पुस्तकाचा सोळावा अध्याय) आला की हा फॉरवर्ड हमखास येतो: 'परमपवित्रस्थानात (मंदिराच्या सर्वांत आतल्या खोलीत) जाणाऱ्या महायाजकाच्या (यहुद्यांच्या मुख्य पुजाऱ्याच्या) पायाला दोरी बांधत. घुंगरांचा आवाज थांबला, की तो मेला असं समजून ओढून काढत.'

मीही हे बरीच वर्षं खरं मानलं. उपदेशातून ऐकलेलं, शंका कशाला घ्यायची?

पण अध्याय सलग वाचून पाहा. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, याजक स्नान करतो, धूप घेऊन पडद्याआड जातो, रक्त शिंपडतो. बारीकसारीक सगळं दिलंय. दोरी मात्र नाही. निर्गम 28 मध्येही नाही, इब्री 9 मध्येही नाही.

घुंगरं खरी आहेत, निर्गम 28:33-35 मध्ये. पण ती महायाजकाच्या निळ्या झग्याच्या घेराला. आणि लेवीय 16:4 प्रमाणे त्या दिवशी आत जाताना अंगावर साधी तागाची वस्त्रं! म्हणजे कान देऊन ऐकायला घुंगरंच नव्हती.

मग दोरी आली कुठून? याजकाच्या पायाला सोन्याची दोरी असल्याचा उल्लेख 'जोहार' या यहुदी गूढग्रंथात सापडतो. तो प्रकाशात आला तेराव्या शतकात, स्पेनमध्ये. यरुशलेमचं मंदिर तर इ. स. 70 मध्येच पडलं होतं.