लंबक, दोन अटी आणि डिरॅकचा कंस

ताठ दांडीला टांगलेला गोळा एकाच उभ्या प्रतलात झुलतो आहे. कोणत्याही क्षणी त्याची स्थिती सांगायला टेकूपासून मोजलेले आडवे स्थान क्ष, उभे स्थान य आणि त्या दोन दिशांचे संवेग (वस्तुमान गुणिले वेग) असे चार आकडे पुरतात. या चार आकड्यांचा अवकाश म्हणजे प्रावस्था अवकाश. दांडी मात्र दोन अटी घालते: टेकूपासूनचे अंतर कायम ल राहिले पाहिजे (म्हणजे क्ष² + य² − ल² शून्य) आणि दांडीच्या दिशेने संवेग असता कामा नये.

या अवकाशातल्या राशींचे एक बीजगणित आहे. 1809 मध्ये पॉयसाँ यांनी दोन राशींपासून तिसरी काढणारा कंस मांडला. स्थान आणि त्याच दिशेचा संवेग यांचा कंस 1 येतो. कुठल्याही राशीचा ऊर्जेशी कंस घेतला, की ती काळानुसार कशी बदलते ते कळते.

अडचण अशी, की लंबकाच्या दोन्ही अटी शून्य मानलेल्या, तरी त्यांचा आपसातला कंस 2ल² येतो. शून्यातून शून्य नसलेले काही निघाले, म्हणजे हा कंस अटींशी जुळत नाही. लंबकापुरता कोन वापरून सुटका होते, पण सगळीकडे असा सोयीचा चल सापडत नाही.

पॉल डिरॅक यांनी 1950 च्या शोधनिबंधात चलांना हात न लावता कंसच बदलला. अटींमुळे येणारा भाग त्यांनी त्यातून वजा केला. आता क्ष आणि त्याच्या संवेगाचा कंस 1 − क्ष²/ल² होतो. गोळा तळाशी असताना तो 1, म्हणजे आडव्या हालचालीला पूर्ण मोकळीक. दांडी आडवी झाली की तो 0, कारण तिथे आडवे सरकायचे तर दांडी ताणावी लागेल! मला याहून सुंदर वाटते ते दोन संवेगांचे नाते: त्यांचा कंस आता शून्य नसतो, तो कोनीय संवेगावर अवलंबून असतो. वर्तुळाचा आकार थेट कंसाच्या नियमात उतरला, आणि तरीही बीजगणिताचा आधार असलेली याकोबी यांची समता, म्हणजे तीन राशींच्या एकात एक घेतलेल्या कंसांना जोडणारा नियम, अबाधित राहिली.

काही अटींचे आपसातले कंस मात्र शून्यच असतात. तिथे ही युक्ती चालत नाही. अशी अट म्हणजे आपल्या वर्णनात काही चल फाजील असल्याची खूण. विद्युतचुंबकत्वात विद्युतभार आणि विद्युतक्षेत्र यांना जोडणारा गाऊस यांचा नियम याच प्रकारचा आहे. सामान्य सापेक्षतेत, म्हणजे आइनस्टाइन यांच्या गुरुत्वाच्या सिद्धांतात, तर बंदिस्त विश्वाची एकूण ऊर्जा शून्य असणे हीच अशी अट ठरते. मग ऊर्जेशी कंस घेऊन मिळणारा बदल खराखुरा काळ दाखवतो की निव्वळ वर्णनातला फरक, यावर पुंज गुरुत्वाचे, म्हणजे गुरुत्व आणि पुंज सिद्धांत यांची सांगड घालू पाहणारे, अभ्यासक आजही वाद घालतात.