टोपीवाले आजोबा कोण? टी-शर्ट घालण्याआधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी, पार्सलमध्ये हा कागद आम्ही मुद्दाम टाकतो, कारण फोन करणारे बरेच जण आधी हेच विचारतात की हे टोपीवाले आजोबा कोण.

हे मिसिसिपी जॉन हर्ट, ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं लोकसंगीत, ते गाणारे-वाजवणारे. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात अ‍ॅव्हलॉन नावाचं एवढंसं गाव आहे, तिथे शेतात राबणारा माणूस, गिटार स्वतःच्या स्वतः शिकलेले. १९२८ साली ओके रेकॉर्ड कंपनीने त्यांची गाणी आधी मेम्फिसला आणि मग डिसेंबरात न्यूयॉर्कला रेकॉर्ड केली, नावापुढे 'मिसिसिपी' पण कंपनीनेच चिकटवलं, खप वाढावा म्हणून. पण रेकॉर्डी फार काही खपल्या नाहीत, पुढच्या वर्षी मंदी आली आणि हर्ट आपले गावीच राहिले, शेतावर, गुरांमागे. तब्बल पस्तीस वर्षं!

न्यूयॉर्कच्या त्या मुक्कामात त्यांनी एका गाण्यात म्हणून ठेवलं होतं की अ‍ॅव्हलॉन माझं गाव. तेवढ्या धाग्यावरून १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स नावाच्या ब्लूजवेड्या तरुणाने जुन्या नकाशात गाव हुडकलं आणि थेट दारात जाऊन उभा राहिला. सत्तरीचे आजोबा, पण बोटं तशीच गोड. त्याच वर्षी ते न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हलला, म्हणजे तिकडच्या लोकसंगीताच्या मोठ्या महोत्सवात, वाजवून आले, आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये गेले. म्हणजे मान मिळाला तो जेमतेम तीन वर्षं, हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

म्हणून आम्ही त्यांना म्हातारपणचेच काढलंय, सुरकुत्यांसकट. कुठलाही एक फोटो छापलेला नाही, शाईने हाताने काढलेलं चित्र आहे. त्यातला उजवा हात जरा जवळून बघा, सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला. अंगठा जाड तारांवर आलटून पालटून ठेका धरतो आणि बाकीची बोटं बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात, म्हणजे ढोलकी आणि पेटी एकाच माणसाकडे. अंगठा एवढा सुटा का काढलाय ते आता कळलं असेल.

काहीजण म्हणतात मागे कवटी टाका, सैतान टाका, चौरस्ता टाका. सॉरी, ते नाही करणार. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार शिकल्याची दंतकथा रॉबर्ट जॉन्सन या दुसऱ्या ब्लूज गायकाची, हर्ट यांचा आवाज म्हणजे ओसरीवर बसून कुणी हळू बोलावं तसा. मेम्फिस मिनी किंवा चार्ली पॅटन हे ब्लूज कलाकार हवे असतील तर ऑर्डरप्रमाणे काढून देतो, फक्त पॅटन यांचा बघण्यासारखा फोटो एकच आहे त्यामुळे वेळ लागतो.

कापड शंभर टक्के कॉटन, १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम), स्क्रीन प्रिंट. पहिल्या लॉटला काळ्या टी-शर्टवर टोपीच दिसेना, नुसता चेहरा तरंगतोय असं वाटायचं, तेव्हापासून काळ्यावर टोपीच्या कडेला बारीक पांढरी रेघ असते, ती चूक नाही. टी-शर्ट उलटा करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, प्रिंटवर थेट इस्त्री फिरवू नका. ब्रश तर अजिबात नको, सगळ्यात आधी त्या बोटांच्याच रेघा जातात.

साइज चुकली तर न धुता सात दिवसांत परत पाठवा, बदलून देऊ.