पहिली-दुसरीच्या गुरुजींना पदवी कशाला?

ज्याला शिक्षक व्हायचं आहे, त्याच्यापुढे बारावीनंतर ठरलेल्या दोन वाटा असायच्या. प्राथमिक शाळेत शिकवायचं तर डी.एड. आणि हायस्कूलात शिकवायचं तर आधी बी.ए. किंवा बी.एस्सी., मग बी.एड. आता तिसरं नाव कानावर येतं, ते म्हणजे आयटेप. हा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम. बी.ए., बी.एस्सी. किंवा बी.कॉम. आणि बी.एड. एकाच पदवीत, आणि प्रवेशासाठी एनसीईटी ही देशपातळीवरची परीक्षा. ती मराठीसह १३ भाषांत देता येते. भाषा, निवडलेले विषय आणि सामान्य ज्ञानाबरोबर अध्यापनाची अभिरुचीही तीत तपासतात.

पण पहिलीच्या वर्गासाठी थेट विद्यापीठाच्या पदवीला अर्ज भरायचा, हे अनेक घरांत अजून पचनी पडत नाही. यात घरच्यांचा दोष नाही. लहान मुलांना शिकवायला फार शिकलेला माणूस लागत नाही, हे सरकारनंच पिढ्यान्‌पिढ्या आपल्या नियमांतून सांगितलेलं आहे.

गावठी शाळेतल्या पंतोजीला प्रमाणपत्र कोणी विचारत नव्हतं. १८२०च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जार्विस यांच्या देखरेखीखाली मुंबईत देशी भाषांतल्या शाळांसाठी शिक्षक तयार होऊ लागले आणि ‘शिकवायलाही शिकावं लागतं’ ही कल्पना इकडे रुजली. सावित्रीबाई फुले अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत, शिकल्या, ते याच वातावरणात. १८५४च्या वुडच्या खलित्यानं, म्हणजे ब्रिटिशांच्या शिक्षणविषयक धोरणपत्रानं, शिक्षक-प्रशिक्षणाला सरकारी धोरणात जागा दिली. इंग्लंडच्या समाजसुधारक मेरी कार्पेंटर १८६६ मध्ये भारतात आल्या आणि त्यांनी स्त्री-शिक्षिकांच्या ट्रेनिंग शाळांचा आग्रह धरला. १८७० मध्ये पुण्यात फीमेल ट्रेनिंग कॉलेज निघालं.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते १८८२चं जोतीराव फुल्यांचं हंटर आयोगापुढचं, म्हणजे सरकारी शिक्षण आयोगापुढचं, निवेदन. बहुतेक प्राथमिक शिक्षक अप्रशिक्षित आहेत आणि त्यांचा पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर जातो, असं त्यांनी त्यात मांडलं. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील. त्यांच्या प्रशिक्षणात शेती आणि आरोग्याची तोंडओळख असावी. पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा-वीस असावा. शिक्षण, सामाजिक थर आणि पगार हे तिन्ही प्रश्न त्यांनी एकाच दावणीला बांधले. पुढच्या समित्यांनी ते बहुतेक वेळा सुटे सुटे करून हाताळले.

नंतरची कितीतरी दशकं हिशेब सोपा राहिला. मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झालं की मास्तर होता येई. नोकरीत राहून ट्रेनिंगला जायचं आणि ज्युनिअर पी.टी.सी., सीनियर पी.टी.सी. ही प्राथमिक शिक्षकांची प्रमाणपत्रं मिळवायची. पुढे पी.टी.सी.ची जागा डी.एड.नं घेतली आणि पात्रता दहावीवरून बारावीवर गेली. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत ‘डाएट’ या शिक्षक-प्रशिक्षण संस्था आल्या. पायरी चढत गेली खरी, पण विद्यापीठाच्या दाराशी येऊन थांबली. पदवी हायस्कूलच्या सरांना, पदविका प्राथमिकच्या गुरुजींना. कोठारी आयोगानं १९६४-६६ मध्येच शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठीय जीवनापासून तुटलेलं आहे, हे दुखणं दाखवून दिलं होतं.

प्राथमिकसाठी स्वतंत्र पदवी अगदीच नव्हती असं नाही. दिल्ली विद्यापीठानं १९९४ मध्ये चार वर्षांची बी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदवी सुरू केली. तिचं नावही झालं, पण ती देशभर पसरली नाही. एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संस्थेच्या भोपाळसारख्या प्रादेशिक संस्थांत एकात्मिक अभ्यासक्रम १९६०च्या दशकापासून आहेत. आपल्याकडची मुलं भोपाळला जातातही. पण तिथला भर माध्यमिकच्या शिक्षकांवर होता.

महाराष्ट्रात मात्र डी.एड. म्हणजे हमखास नोकरी, असा एक काळ येऊन गेला. चांगल्या टक्क्यांची मुलं-मुली रांगेत उभी राहायची. खासगी डी.एड. कॉलेजं भूछत्रासारखी उगवली. मग २०१० मध्ये एनसीटीई या शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेनं शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) अनिवार्य केली. राज्यातली पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. २०१२ मध्ये भरती थांबली ती पुढची कित्येक वर्षं अडलेलीच राहिली. पाठ टाचणांच्या वह्या माळ्यावर गेल्या, छात्राध्यापक दुसऱ्या कामांना लागले, कॉलेजांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. नाव डी.टी.एड., मग डी.एल.एड. असं बदललं, पण नुसत्या नव्या नावानं रांग परत येत नाही.

यात बी.एड.वाल्यांचं वेगळंच नाट्य घडलं. २०१८ मध्ये एनसीटीईनं त्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं. अट एवढीच, की नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा जोड-अभ्यासक्रम करायचा. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे अमान्य केलं. लहान मुलांना शिकवण्याचं कौशल्य वेगळं आहे, ते बी.एड.मध्ये मिळत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. म्हणजे पदवी मोठी असली तरी पहिलीच्या फळ्यासमोर ती पुरी पडत नाही. कागदावर कमी लेखलेल्या डी.एड.ला मिळालेली ही पावती अनेकांच्या नजरेतून सुटली.

आयटेपची पार्श्वभूमी ही अशी आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं २०३०पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. हीच शिक्षकासाठी किमान पात्रता व्हावी असं म्हटलं. २०२३-२४ पासून ५७ संस्थांत प्रायोगिक सुरुवात झाली. शाळेच्या नव्या टप्प्यांप्रमाणे, म्हणजे पायाभूत वर्गांपासून माध्यमिकपर्यंत, शिक्षक घडवायचे अशी आखणी आहे. आधी पदवी आणि मग दोन वर्षांचा बी.एड. करण्यापेक्षा एक वर्ष वाचतं. पण बारावीनंतर दोन वर्षांत डी.एल.एड. करून कमावती होणारी गावाकडची मुलगी याच हिशेबात दोन वर्षं गमावते. घरच्यांना ते परवडेल का, हा प्रश्न प्रवेश-अर्जात कुठेच नसतो.

पदवी हातात पडली तरी टीईटी द्यावीच लागते. महाराष्ट्रात त्यावर अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक-भरतीचं ‘पवित्र’ पोर्टल. तिथून निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची. ही योजना २००० साली आली तेव्हा प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला ३,००० रुपये मिळत. २०२३ पासून १६,००० मिळतात.