कार्टूनची क्रोशा खेळणी: हे सगळं आलं कुठून?

सध्या इन्स्टा उघडलं की कोणीतरी क्रोशाने डोरेमॉन नाहीतर पिकाचू विणत असतंच, आणि खाली कोणीतरी विचारतं की हे नवीन काय निघालंय. बऱ्याच जणांना वाटतं हे लॉकडाऊनचं पिल्लू आहे. आपल्याकडे जोर तेव्हा धरला हे खरंय, पण मागचं प्रकरण बरंच जुनं आहे आणि त्यातला एक भाग युरोप-अमेरिकेतला, एक जपानचा आणि थोडासा आपल्या आज्यांच्या ट्रंकेतला पण आहे.

आधी खेळण्याचं बघू. कार्टूनवरून सॉफ्ट टॉय हा प्रकार कंपन्यांनी शोधला असं आपण धरून चालतो, पण सुरुवातीची उदाहरणं बघितली तर प्रत्येक ठिकाणी आधी घरात सुईदोरा घेऊन बसलेली एक बाई दिसते. टेडी बेअरच घ्या. नोव्हेंबर १९०२ मधे अमेरिकेचे प्रेसिडेंट थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले, बांधून ठेवलेल्या अस्वलाला गोळी घालायला त्यांनी नकार दिला, त्यावर क्लिफर्ड बेरीमन यांचं व्यंगचित्र वॉशिंग्टन पोस्टमधे आलं, आणि ते बघून ब्रुकलिनमधे गोळ्या-चॉकलेटचं दुकान चालवणाऱ्या मिच्टम नवराबायकोने कापडाचं अस्वल करून दुकानात मांडलं, शिवलं अर्थात बायकोने, रोझने. म्हणजे टेडी हा सुद्धा मुळात एका कार्टूनमधलाच अस्वल! (त्याच सुमारास जर्मनीत श्टाइफ कंपनीनेही अस्वल केलं होतं, पहिलं कोण यावर लोक अजून भांडतात, ते सोडून देऊ.)

पुढच्याच वर्षी, १९०३ मधे, इंग्लंडमधे बिअॅट्रिक्स पॉटर बाईंनी आपल्या गोष्टीच्या पुस्तकातल्या सशाची, पीटर रॅबिटची, बाहुली स्वतः बनवली आणि थेट पेटंट ऑफिसमधे नोंदवून टाकली. पुस्तक येऊन जेमतेम वर्ष झालेलं. बाई हुशार, कोणीतरी नक्कल करणार हे त्यांना आधीच कळलं होतं.

पण मला सगळ्यात आवडते ती मिकी माउसची गोष्ट. १९३० मधे लॉस एंजेलिसच्या शार्लट क्लार्क बाईंना मिकीची बाहुली शिवायची होती, पण समोर ठेवायला धड चित्र कुठे होतं, मग त्यांनी शाळकरी भाच्याला वही देऊन थिएटरात पाठवलं आणि त्याने पडद्यावर बघून मिकीची स्केचेस काढून आणली. हा भाचा म्हणजे बॉब क्लॅम्पेट, जो पुढे लूनी ट्यून्स या कार्टून मालिकेचा मोठा डायरेक्टर झाला. बाहुली डिस्नेला इतकी आवडली की क्लार्क बाईंना तिथेच काम मिळालं, बायका बसवून बाहुल्या शिवायला सुरुवात झाली, पण मागणी एवढी वाढली की हाताने पुरं पडेना. तेव्हा कंपनीने काय करावं? १९३२ मधे शिवणाचे पॅटर्न काढणाऱ्या मॅकॉल कंपनीकडून मिकी-मिनीचा कागदी पॅटर्नच विकायला काढला, नंबर ९१, घ्या आणि घरी शिवा. आज कोणी पीडीएफ पॅटर्न विकला तर लोक म्हणतात काय नवीन धंदा आहे, तर हा धंदा नव्वदीच्या पुढचा आहे आणि तो खुद्द डिस्नेने केलाय.

आता क्रोशा. एकोणिसाव्या शतकात युरोपात छापील नमुने यायला लागले आणि क्रोशा फोफावला. आयर्लंडमधे १८४५ पासून बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळ पडला, तेव्हा ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) मठांमधून बायकांना क्रोशाची लेस शिकवली गेली आणि त्यावर किती घरं जगली. आपल्याकडे पण मिशनऱ्यांबरोबरच ही सुई आली, आंध्रातलं नरसापूर तर अजून क्रोशाच्या लेससाठी ओळखलं जातं. महाराष्ट्रात क्रोशा जाऊन बसला तो रुखवतात. ताटावरचे रुमाल, तोरणं, बाळकृष्णाचं आसन, नंतर टीव्हीचं कव्हर, फ्रिजच्या हँडलचं कव्हर, आणि हो, प्लास्टिकच्या बाहुलीला घातलेला तो फुगीर झगा, जो शोकेसमधून कधी बाहेर आला नाही. साखळी, खांब (उंच टाका), मुका खांब (बुटका टाका) हे सगळं आपल्या बायकांना पाठ होतं. फक्त जे विणायचं ते बहुतेक सपाट. आत कापूस भरून प्राणी करायचा ही चाल आपल्याकडे फार नव्हती, आणि क्रोशाचा दोराही बारीक सुती, लोकर म्हणजे स्वेटरची, ती दोन सुयांवर.

गोल भरीव खेळणी विणायचा हा जो प्रकार आहे, अमिगुरुमी, तो घडला जपानमधे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे घरोघरी विणकामाची लाट होती, निहोन वोग ही विणकामाची पुस्तकं काढणारी कंपनी १९५४ ची. तिथली एक सवय फार कामाची ठरली, ती म्हणजे पॅटर्न शब्दात न लिहिता चिन्हात काढायचा, साखळीला लंबगोल, मुक्या खांबाला फुली, वगैरे, आणि सगळ्या प्रकाशकांची चिन्हं एकच. त्यामुळे जपानी ओ की ठो येत नसलेली बाई सुद्धा ते पुस्तक समोर ठेवून विणू शकते. नंतर सत्तरच्या दशकात गोंडस वस्तूंचं वेड आलं. हॅलो किटी १९७४ ची. मोठं डोकं, छोटं अंग, टिकलीएवढे डोळे, असं काहीतरी पेनावर, पर्सवर, सगळीकडे. अमिगुरुमीचं आजचं रूप बघा, तंतोतंत तेच.

टेक्निक पण सांगते कारण सगळी गंमत त्यातच आहे. मॅजिक रिंगमधे (म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या दोऱ्याच्या फासात) ६ मुके खांब घ्यायचे, पुढच्या फेरीत १२, मग १८, २४, असं दर फेरीला ६ वाढवायचे, आणि फेरी बंद न करता चकलीसारखं आतून बाहेर फिरत राहायचं. सहाच का? तर मुका खांब जेवढा रुंद साधारण तेवढाच उंच असतो आणि वर्तुळाची त्रिज्या एकाने वाढली की परीघ ६.२८ ने वाढतो, म्हणून सहा. उंच खांबाचा रुमाल करताना आपण सहसा १२ ने सुरू करतो त्याच्या मागेही हेच गणित आहे, आज्जीला ते कोणी शिकवलं नव्हतं पण हाताला माहीत होतं. मग वाढवणं थांबवलं की कडा वर वळतात, वाटी होते, पुढे टाके कमी करत आणले की चेंडू. सुई मात्र लोकरीच्या मानाने एक-दोन नंबर बारीक घ्यायची, वीण घट्ट हवी, नाहीतर आत भरलेलं रेक्रॉन, म्हणजे कृत्रिम कापूस, बाहेर डोकावतं.

म्हणजे गोळा करणं सगळ्यात सोपं, आणि म्हणूनच डोरेमॉन. हा १९६९ च्या डिसेंबरात जपानी मुलांच्या मासिकांत आला, १९७९ पासून टीव्हीवर जम बसला, आणि आपल्याकडे २००० नंतर हंगामा चॅनलवर हिंदी बोलायला लागला (मराठी घरातली पोरं अचानक "मुझे नहीं खाना" म्हणायला लागली ती याच्याच कृपेने). कान नाहीत, ते गोष्टीत उंदराने खाल्ले. बोटं नाहीत, नुसते पांढरे गोळे. डोकं गोल, पोट गोल, शेपटीचं टोक गोल, गळ्यातली घंटा पण गोल. विणणारीला आणखी काय पाहिजे! याउलट २००८ चा आपला छोटा भीम करून बघा, धोतर, शेंडी, पिळदार दंड, प्रत्येक तुकडा वेगळा विणून जोडायचा, जीव जातो. त्यात आपल्या लोकांचा दोष नाही, भीम म्हणजे माणूस आहे, माणूस गोळ्यात बसत नाही. टोटोरो, जपानी कार्टून सिनेमातला तो गुबगुबीत प्राणी, मात्र बसतो. १९८८ चा तो सिनेमा थिएटरात बेताचाच चालला होता, पुढे त्याच्या सॉफ्ट टॉयनी तो काढणाऱ्या स्टुडिओ घिब्लीला चांगला हात दिला.

जपानबाहेर हे पसरलं ते इंटरनेटमुळे, २००५ ला हाताने केलेल्या वस्तू विकायची साइट एट्सी आली, २००७ ला विणणाऱ्यांची साइट रॅव्हलरी, आणि लगेच भांडणंही आली. २००८ मधे बीबीसीने एका विणणारीला तिच्या साइटवरचे डॉक्टर हू या आपल्या टीव्ही मालिकेतल्या प्राण्यांचे पॅटर्न काढून टाकायला लावले. ती स्वतः विकत नव्हती, फुकट देत होती, पण तिसऱ्याच कोणीतरी त्यावरून बाहुल्या करून ईबेवर विकल्या. तत्त्व त्याहून जुनं आहे, पॉपाय या कार्टूनच्या बाहुल्यांची केस ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं तिथलं सर्वात वरचं कोर्ट) गेली होती आणि १९४१ मधे निकाल लागला की चित्रावरून केलेली बाहुली म्हणजे चित्राचीच नक्कल. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम १४ मधे, सपाट चित्राची त्रिमितीय वस्तू करायचा हक्क चित्राच्या मालकाला दिलेला आहे. खाजगी वापराला कलम ५२ मधे सवलत आहे, म्हणजे भाच्यासाठी घरी डोरेमॉन विणलात म्हणून कोणी दारात येणार नाही. ऑर्डर घेऊन विकायला लागलात की मामला बदलतो. बरेच जण मग "निळं मांजर" असं नाव देऊन विकतात. माझ्या मते त्याचा फारसा उपयोग नाही, कारण कलम १४ नाव विचारत नाही, चित्र बघतं, आणि निळं, बिनकानाचं, पोटावर खिसा असलेलं दुसरं मांजर कोणाला माहितीये?