चपलांचा बिल्ला आणि ब्राउझरमधली कुकी

देवळाबाहेर चपला ठेवल्या की स्टँडवाला हातात एक बिल्ला देतो. तो तुमचं नाव विचारत नाही, चेहराही लक्षात ठेवत नाही. दर्शन घेऊन आलात, बिल्ला पुढे केलात, की त्या नंबरच्या खणातल्या चपला तुमच्या पुढ्यात. ब्राउझरमधली कुकी मुळात एवढीच होती. वेबसाइट तुमच्या ब्राउझरकडे एक छोटासा मजकूर देते, बहुतेकदा एखादा लांबलचक क्रमांक. पुढच्या वेळी त्याच साइटवर गेलात की ब्राउझर तो आपणहून दाखवतो. हा बिल्ला १९९४ मध्ये तयार झाला. तो पाळतीचं साधन कसा झाला आणि आज साइट उघडताच 'सगळं स्वीकारा' म्हणणारी पट्टी का आडवी येते, हे समजून घ्यायचं तर एका शब्दावर नजर ठेवावी लागते: डीफॉल्ट. आपण कशालाही हात लावला नाही तर काय होणार, हे कोणी आणि कधी ठरवलं?

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची रचना केली, तेव्हा तिला स्मरणशक्ती दिलेली नव्हती. ब्राउझरने पान मागायचं, सर्व्हरने द्यायचं, व्यवहार संपला. मिनिटभराने तुम्ही दुसरं पान मागितलंत तरी सर्व्हरच्या लेखी तुम्ही नवखेच. शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचायला ही विसराळू वेब पुरेशी होती. दुकान मांडायचं म्हटलं की मात्र पंचाईत, कारण एका पानावर टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर कोणाची होती हेच कळत नसे.

१९९४ मध्ये एमसीआय या अमेरिकी टेलिफोन कंपनीला ऑनलाइन खरेदीची सोय हवी होती, पण अर्धवट राहिलेल्या खरेदीच्या नोंदी स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळायच्या नव्हत्या. काम नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीकडे होतं. तिथले अभियंते लू माँटुली यांनी युनिक्स या कॉम्प्युटर-प्रणालीवर काम करणाऱ्यांच्या बोलीतला 'मॅजिक कुकी' हा शब्द उचलला. एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे द्यायचा आणि जसाच्या तसा परत घ्यायचा मजकूर, असा त्याचा अर्थ. नोंद ग्राहकाच्याच कॉम्प्युटरवर ठेवायची आणि प्रत्येक भेटीत मागून घ्यायची, ही त्यांची युक्ती. ऑक्टोबर १९९४ मध्ये आलेल्या नेटस्केपच्या चाचणी-आवृत्तीत कुकीची सोय होती. गंमत म्हणजे तिचा पहिला वापर दुकानात झाला नाही. नेटस्केपच्या स्वतःच्या साइटवर कोण पहिल्यांदा आलंय आणि कोण पुन्हा आलंय, हे ओळखायला झाला.

या सगळ्या कथेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो माँटुलींनी नाकारलेला पर्याय. सोपा मार्ग असा होता की प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि तो सगळ्या साइटना दाखवायचा. तसं केलं तर कोणीही कोणाचा माग सगळीकडे काढू शकेल, हे ओळखून तो बाजूला ठेवला गेला. म्हणून कुकीचा नियम असा झाला: ज्या साइटने बिल्ला दिला, तिलाच तो दिसेल. एका देवळाचा बिल्ला दुसऱ्या देवळाबाहेर चालणार नाही. कुकी जन्मतःच पाळतीसाठी केली होती असं सर्रास बोललं जातं, पण ते खरं नाही. ती बनवणाऱ्यांनी पाळतीची भीती धरूनच तिला कुंपण घातलं होतं.

कुंपणाला भोक पडलं ते वेगळ्याच जागी. वेबपान हे एकाच ठिकाणाहून येत नाही. मजकूर एका सर्व्हरवरचा, चित्र दुसऱ्यावरचं, जाहिरात तिसऱ्यावरची. जाहिरात आणून देणारा सर्व्हरही स्वतःची कुकी ठेवू शकत होता. आता कल्पना करा की शहरातल्या दोनशे देवळांबाहेरचे चपलांचे स्टँड एकाच माणसाने चालवायला घेतले आणि सगळीकडे तुमचा तोच बिल्ला चालू लागला. नियम मोडलेला नाही, कारण बिल्ला देणारा आणि पाहणारा एकच आहे. पण तुम्ही सोमवारी कुठे होतात आणि गुरुवारी कुठे, हे त्याला ठाऊक आहे, आणि असा कोणी माणूस आहे हे तुम्हाला ठाऊकच नाही. ही तिसऱ्या पक्षाची कुकी, म्हणजे थर्ड-पार्टी कुकी. पुढचा सगळा झगडा हिच्यावरून आहे.

सुरुवातीच्या ब्राउझरमध्ये कुकी न विचारता ठेवली जायची, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नसे. सर्वसामान्यांना ती कळली फेब्रुवारी १९९६ मध्ये, लंडनच्या फायनान्शियल टाइम्समधल्या लेखामुळे. त्यानंतर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे हा विषय चर्चेला आला. त्याच सुमारास इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये डेव्हिड क्रिस्टोल आणि माँटुली कुकीचे रीतसर नियम लिहीत होते. फेब्रुवारी १९९७ मध्ये ते आरएफसी २१०९ या नावाने प्रसिद्ध झाले. तिसऱ्या पक्षाच्या कुकी ब्राउझरने घेऊच नयेत, निदान आपणहून चालू तरी ठेवू नयेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे उत्तर १९९७ मध्येच कागदावर होतं. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही ते मानलं नाही. जाहिरातींवर उभा राहू लागलेला धंदा मोडेल असा जाहिरात कंपन्यांचा आक्षेप होता. माँटुलींचं म्हणणं असं की या कुकी बंद केल्या तर कंपन्या माग काढायचे अधिक छुपे मार्ग शोधतील, निदान कुकी दिसते तरी आणि पुसता येते. या युक्तिवादात तथ्य होतं, हे पुढे दिसलंच. तरीही तो डीफॉल्ट त्या वर्षी पाळला गेला असता तर पुढची वीस वर्षं निराळी गेली असती, असं मला मनापासून वाटतं.

पाळतीला नाव-पत्ता जोडला जाण्याची वेळही लवकरच आली. डबलक्लिक ही तेव्हाची मोठी जाहिरात कंपनी. हजारो साइटवर तिच्या जाहिराती, म्हणून हजारो साइटवर तिचा एकच बिल्ला. १९९९ मध्ये तिने अबॅकस डायरेक्ट ही कंपनी घेतली. अबॅकसकडे टपालाने येणाऱ्या कॅटलॉगवरून अमेरिकी घरांनी काय-काय मागवलं याच्या नोंदी होत्या, नावानिशी. दोन्ही माहिती एकत्र करायचा बेत बाहेर फुटताच गदारोळ झाला, चौकशी लागली आणि मार्च २००० मध्ये डबलक्लिकला बेत गुंडाळावा लागला. गूगलने २००८ मध्ये ३.१ अब्ज डॉलर देऊन हीच डबलक्लिक आपल्या ताब्यात घेतली.

युरोपने कायद्याची वाट धरली. २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशाने, वापरणाऱ्याच्या यंत्रावर काही ठेवायचं तर त्याला सांगा आणि नकाराची सोय द्या, असं म्हटलं. २००९ मध्ये तो बदलला आणि नकाराच्या सोयीऐवजी आधी संमती घेणं आलं. २०११ पासून तो लागू होऊ लागला आणि पट्ट्यांचा जन्म झाला. सुरुवातीच्या पट्ट्या बहुधा नुसतं सांगून मोकळ्या व्हायच्या: 'साइट वापरत राहिलात म्हणजे तुमची संमती आहे.' मे २०१८ मध्ये जीडीपीआर हा युरोपचा माहिती-संरक्षण कायदा लागू झाला आणि संमती म्हणजे स्पष्ट कृती, गप्प बसणं नव्हे, हे पक्कं झालं. प्लॅनेट४९ या ऑनलाइन सोडत चालवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला सांगितलं की आधीच बरोबरची खूण करून ठेवलेला चौकोन ही संमती नव्हे. पुन्हा डीफॉल्टच.

मग कंपन्यांनी बटणांशी खेळ मांडला. 'स्वीकारा' मोठं, रंगीत, एका टिचकीवर. नकार मात्र दोन-तीन पानं आत, फिकट अक्षरांत. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामकाने याच कारणावरून जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला: होकार जितका सोपा, तितकाच नकार सोपा हवा. त्यानंतर गूगलने युरोपात 'सगळं नाकारा' असं बटण दिलं. पट्टी त्रासदायक वाटते म्हणून लोक कायद्याला नावं ठेवतात. पण पट्टी इतकी किचकट करा असं कायद्याने सांगितलेलं नाही. ज्याला माग काढायचाच नाही, त्याला असली पट्टी लावावीच लागत नाही. लॉग-इन टिकवणारी किंवा टोपली सांभाळणारी, कामापुरती लागणारी कुकी संमतीच्या अटीतून वगळलेली आहे.

ब्राउझर बनवणाऱ्यांचं धोरण त्यांच्या कमाईच्या वाटेप्रमाणे फाटत गेलं. ॲपलच्या सफारीने २००३ पासूनच बाहेरच्या कुकींवर आपणहून बंधन घातलं होतं. त्या बंधनातून वाट काढल्याच्या प्रकरणात २०१२ मध्ये गूगलने अमेरिकेत २ कोटी २५ लाख डॉलर दंड भरला. सफारीने २०२० मध्ये तिसऱ्या पक्षाच्या कुकी पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने २०१९ मध्ये ओळखीच्या माग-काढ्यांना अडवायला सुरुवात केली आणि २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या बरणीत ठेवल्या. एका बरणीतलं दुसरीत दिसत नाही. जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या क्रोमचं काय? गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं की दोन वर्षांत तिसऱ्या पक्षाच्या कुकी काढून टाकू. मग मुदत २०२३ झाली, मग २०२४, मग २०२५. जुलै २०२४ मध्ये काढायचा बेत सोडून 'वापरणाऱ्याला निवड देऊ' असं ठरलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्या निवडीसाठी वेगळा प्रश्नही विचारणार नाही, असं सांगितलं गेलं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या भागात थर्ड-पार्टी कुकी बंद करायची सोय आहे, ती जरूर वापरावी. क्वचित एखादी साइट अडखळते, तेवढ्यापुरती तिला सूट देता येते. पण ही सोय शोधून काढायचं काम आजही वापरणाऱ्यावरच आहे.

माँटुलींनी सांगितलेले छुपे मार्गही आलेच. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइमझोन, ग्राफिक्सची बारीक लक्षणं जुळवून यंत्राचा जणू ठसा घेतला जातो. तो तुमच्याकडे साठवलेला नसल्याने पुसायला काही उरतच नाही. 'माझा माग काढू नका' असा संदेश ब्राउझरने प्रत्येक साइटला पाठवायचा, ही डू नॉट ट्रॅकची कल्पना २००९ ची. तो पाळण्याची सक्ती नव्हती, म्हणून बहुतेकांनी पाळला नाही. तिचीच पुढची पिढी, ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल, हिला कॅलिफोर्नियात कायद्याचं पाठबळ आहे.

आपल्याकडे हा प्रवास उशिरा सुरू झाला आणि त्याचा पाया वेगळा आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. मसुदे आले, मागे घेतले गेले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्यात कुकी हा शब्द नाही. पण कुकीतून गोळा होणारी माहिती माणसाला ओळखू देत असेल तर ती कायद्याच्या कक्षेत येते. संमती मुक्त, नेमकी आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. दिलेली संमती मागे घेणं, ती देण्याइतकंच सोपं हवं. १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना नेमकं हेरून जाहिराती दाखवायला बंदी आहे.

याच कायद्यातलं एक कलम माझ्या घरापर्यंत येतं. माझी आई रोज फोनवर मराठी बातम्या वाचते. बातमी मराठी, पण मध्ये आडवी येणारी पट्टी इंग्रजी. ती हटल्याशिवाय बातमी दिसत नाही, म्हणून आई मोठं बटण दाबते. कशाला हो म्हटलं, हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. नव्या कायद्यानुसार संमतीची विनंती आणि तिच्याबरोबरची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. मराठी त्या यादीत आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर आईच्या फोनमधल्या थर्ड-पार्टी कुकी मी बंद करून ठेवल्या आहेत, आणि कुठलं बटण कशासाठी असतं हे तिच्या शेजारी बसून दाखवलं आहे.