मे महिन्याचं ऊन आणि जूनमधला ब्रेक

टायरच्या दुकानात गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "किती किलोमीटर चालेल?" खान्देशात, विशेषतः गाडी कमी फिरत असेल तर, टायर घासून संपण्याआधीच उन्हाने म्हातारा होतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. त्या उष्णतेत रबरावर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया वेगाने होते, रबर मऊ ठेवणारी तेलंही कमी होत जातात आणि ते कडक पडतं. वरून नक्षी शाबूत दिसते. खरी परीक्षा जूनमध्ये होते, चाळीसगावहून कन्नड घाट चढताना पाऊस गाठतो तेव्हा.

कोरड्या रस्त्यावर रबर आणि खडी एकमेकांना थेट चिकटतात. ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर हे चिकटणं तोडतो. मग पकड उरते ती मुख्यतः रबराच्या दबण्यातून. डांबरातल्या खडीच्या बारीक टोकांवर रबर दबतं, त्यांच्या खाचांत शिरतं आणि पुढे सरकताना पूर्ववत व्हायला जरा उशीर लावतं. या उशिरात ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, आणि गाडीला थांबवणाऱ्या पकडीचा मोठा भाग हाच असतो. कडक झालेलं रबर त्या टोकांवरून नुसतं घसरत जातं. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण रबरात नसलेली पकड ते आणू शकत नाही.

पण दबून उशिरा पूर्ववत होण्याचा हाच गुण टायर नुसता फिरत असताना इंधन खातो. पूर्वी त्यामुळे मायलेज की पकड, असा सौदा करावा लागे. १९९०च्या दशकात कारच्या टायरांच्या रबरात मिसळल्या जाणाऱ्या काजळीच्या जोडीला सिलिका (वाळूतल्या घटकाची बारीक पूड) येऊ लागली आणि ही कोंडी बरीचशी सुटली. चाक फिरताना रबर सेकंदाला काही वेळाच दबतं. घसरताना मात्र खडीच्या टोकांमुळे ते हजारो वेळा थरथरतं. सिलिकाचं मिश्रण पहिल्या हालचालीत कमी ऊर्जा घालवतं, दुसऱ्यात जास्त. म्हणून दुकानदाराला सिलिका कंपाउंड आहे का, हे जरूर विचारा. काही टायरांच्या बाजूला 'ट्रॅक्शन' या शब्दापुढे एए, ए, बी किंवा सी असतं. ती ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्याची श्रेणी आहे, एए सर्वांत चांगली. शेजारचा 'ट्रेडवेअर' आकडा आयुष्याचा असतो, पकडीचा नव्हे.

त्यानंतर टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक शोधा, ती टायर बनल्याची तारीख असते. २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. हे अंक कधीकधी टायरच्या एकाच बाजूला असतात, तेव्हा टायर उलटवून बघायला लाजू नका. पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे काढलेला 'नवा' टायर स्वस्तात मिळाला तरी मी घेणार नाही. गाडीवरच्या टायरच्या खाचांच्या तळाशी बारीक चिरा दिसल्या, तर नक्षी उरली असली तरी तो बदलायच्या यादीत घाला.

खाचांचं काम वेगळं, ते पाणी बाहेर काढण्याचं. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी असेल तर १८५ मिलिमीटर रुंद टायरला ताशी ८० किलोमीटर वेगाने सेकंदाला जवळपास १२ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात आणि कायद्याची किमान मर्यादा १.६ आहे. पावसाळ्यासाठी ती फार कमी आहे. ३ मिलिमीटरला आलेला टायर मी पाऊस लागण्याआधीच बदलेन. खाचा पुरेनाशा झाल्या की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. हवा कमी असेल तर हे आणखी लवकर घडतं. नासाच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात विमानांच्या टायरांसाठी मांडलेल्या सूत्राने ३३ पीएसआय हवेला टायर तरंगू लागण्याचा वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो, २४ पीएसआयला ८०च्या आसपास. आपल्याकडे उन्हाळ्यात टायर फुटेल या भीतीने हवा कमी ठेवतात. त्यात पावसाने तापमान १५-१७ अंशांनी उतरलं की आणखी दोन-अडीच पीएसआय आपोआप घटतात. म्हणून पहिल्या सरीनंतर, टायर गार असताना, हवा तपासाच.

पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळ्या मातीचा चिखल डांबरावर येतो. त्यावर कारचा कुठलाच टायर धड धरत नाही, तिथे वेग कमी करणं एवढाच उपाय.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि ॲक्सिलरेटर सोडला की बहुधा सावरते. मागचे घसरले तर ती गरकन फिरते. खरेदी मेअखेरीस उरका, कारण नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातला गुळगुळीतपणा असतो आणि तो जायला सुरुवातीचे दोन-तीनशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर चालवावे लागतात.